पहाटे चारचा प्रश्न

(प्रस्तावना)

मार्चअखेर मोह गळायला लागला की देवरी तालुक्यातल्या गावांत पहाटे चारला दिवे लागतात. फुलं रात्रीतून पडतात आणि अस्वलं, चितळं, गावची ढोरं पोचायच्या आत ती वेचायला हवीत. बाई टोपली घेते, टॉर्च घेते, सोबतीला जाऊ किंवा सून घेते आणि निघण्याआधी अंगणात जरा थांबते. आज नाल्याकडच्या झाडांना जावं की बोडीकडच्या? काल सांजच्याला कुणी डरकाळी ऐकली म्हणतात. कुणी म्हणतं, ते तर परवा. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, हे वनरक्षक दर हंगामात गावात सांगून जातो. वाघ आज कुठल्या अंगाला आहे, हे मात्र तो सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाही ते माहीत नसतं.

ही पुस्तिका त्या अंगणातल्या प्रश्नाबद्दल आहे. शास्त्रात विषयाचं नाव भारदस्त आहे: माग-नोंदींवरून वन्यप्राण्यांच्या दैनंदिन हालचालींचं भाकीत. मी या विषयाकडे जंगलातून आलो नाही, फळ्याकडून आलो, हे आधीच कबूल करतो. संख्याशास्त्र शिकवताना फासे आणि लाल-काळे चेंडू यांच्या उदाहरणांना मी कंटाळलो होतो, मुलं तर माझ्या आधीच कंटाळली होती. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या अंगणात मोह वाळत असायचा. चेंडू सोडून वाघ घेतला आणि वर्ग जागा झाला.

देवरी म्हटलं की बाहेरच्यांना हायवे आठवतो. मुंबई-कोलकाता रस्ता, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, साकोलीकडून येतो, देवरी ओलांडतो आणि शिरपूरच्या नाक्यावरून छत्तीसगडात जातो. ट्रकवाल्यांसाठी हे जेवायला थांबायचं गाव. वाघासाठी ते चौकातलं गाव आहे. पश्चिमेला नागझिरा आणि नवेगाव, जे कोका आणि नवीन नागझिऱ्यासह डिसेंबर २०१३ मध्ये एकच व्याघ्र प्रकल्प झाले. बालाघाटच्या बाजूने गेलं तर कान्हा, गडचिरोलीतून खाली उतरलं तर इंद्रावती, चंद्रपूरकडे वळलं तर ताडोबा. या सगळ्यांना जोडणारी वाट सलग जंगलाची नाही. राखीव जंगल, वनविकास महामंडळाचं सागवान, महसुलाच्या कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून चढलेली जमीन, धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, आणि मध्ये चौपदरी रस्ता, असं ठिगळ-ठिगळ जोडत ती जाते. चिचगडच्या डोंगरात उगम पावणाऱ्या आमच्या नदीचं नाव वाघनदी. नाव ठेवणाऱ्यांना वाघाच्या गळ्यातल्या कॉलरची गरज पडली नव्हती.

माग काढणं ही काही नवी विद्या नव्हे. मारुती चितमपल्ली नवेगावला होते तेव्हाचं त्यांचं लिखाण ज्यांनी वाचलं आहे, त्यांना पायठसा, विष्ठा, झाडावरचा ओरखडा आणि वानराची हाक यांतून काय-काय वाचता येतं हे सांगायला नको. पण ठशावरून मोजणी करण्याच्या पद्धतीची पत सरिस्कात गेली. २००४-०५ मध्ये तिथले वाघ संपल्याचं उघड झालं, आणि कागदावर ते होते. त्यानंतर देशभरच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप आले. कॅमेरा वाघाला पट्ट्यांवरून ओळखतो, पण कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला तरच. दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याने काय केलं, याबद्दल तो गप्प असतो. ते सांगते कॉलर. १९७० च्या दशकात नेपाळमध्ये चितवनला वाघांना पहिल्यांदा रेडिओ कॉलर बसवल्या तेव्हा माणूस हातात अँटेना धरून हत्तीवरून किंवा जीपमधून आवाजामागे फिरायचा. आताची कॉलर उपग्रहावरून स्वतःचं ठिकाण काढते आणि ठरल्या वेळी पाठवते. ती जनावराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत, शक्यतो तीनच्या आत असावी असा दंडक आहे. बॅटरी मोजकीच असते. दर पंधरा मिनिटांनी ठिकाण मागा, बॅटरी लवकर संपते. दिवसातून दोनदा मागा, दोन वर्षं टिकेल, पण मधलं सगळं हरवेल. पुढचं सगळं गणित या व्यवहारावर उभं आहे.

हाती येतात ते नुसते ठिपके: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. वर्गात दिलेला एक कागद इथे मांडतो. आकडे मी बनवलेले आहेत, पण खरी नोंद अशीच दिसते. एका वाघिणीची कॉलर तासाला एक ठिकाण पाठवते. संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत पाच पावलं, प्रत्येक पाऊल सातशे ते बाराशे मीटरचं, जवळजवळ एका रेषेत, नाल्याच्या कडेकडेने. अकराच्या पुढे पावलं आखडली: दीडशे मीटर, ऐंशी, दोनशे, आणि प्रत्येक वेळी दिशा मोडलेली. एकनंतर सकाळी सातपर्यंतचे सगळे ठिपके ऐंशी मीटरच्या आत, एकावर एक. मुलांनी शिकवल्याप्रमाणे सरासरी काढली. मागच्या बाकावरच्या एकाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “सर, रात्री मारलं ना जी तिनं काहीतरी. सकारी तिथं कावळे भेटतीन.”

तो मुलगा गणितात बेताचा. पण हा विषय एका वाक्यात सांगायला मला त्याच्याहून चांगलं कुणी भेटलं नाही. कॉलरवर काम करणारे लोक हेच करतात. ठिपक्यांचा असा पुंजका पडला की वाघीण तिथून हलल्यावर माणसं जाऊन बघतात आणि अनेकदा रानडुकराचं किंवा सांबराचं उरलेलं सापडतं. मोठी शिकार असेल तर वाघ दोन-चार दिवस तिच्या आसपास राहतो. म्हणजे त्या पहाटे पुढच्या अठ्ठेचाळीस तासांचं भाकीत जवळजवळ फुकट मिळतं.

गणिताने त्या मुलाच्या वाक्यालाच शिस्त लावली आहे. १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं पत्र लिहून विचारलं होतं की एक माणूस ठरावीक अंतर चालतो, मग कुठल्याही दिशेला वळून तेवढंच चालतो, असं अनेकदा केलं तर तो सुरुवातीपासून किती दूर असेल? त्यांच्या डोक्यात मलेरियाच्या डासांचा फैलाव होता. उत्तर कळल्यावर त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की उघड्यावरचा झिंगलेला माणूस शोधायचा असेल तर तो जिथून निघाला तिथेच आधी बघावं. मोहाच्या मुलखात हे प्रमेय वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

वाघ झिंगलेला नसतो. त्याचं एक पाऊल मागच्या पावलाची दिशा बरंचसं धरून असतं, त्यामुळे पावलाची लांबी आणि वळणाचा कोन या दोन गोष्टी मोजल्या की चालीचा स्वभाव कळायला लागतो. लांब आणि सरळ पावलं म्हणजे प्रवास. आखूड आणि वेडीवाकडी म्हणजे शोध. जागच्या जागी म्हणजे विश्रांती किंवा जेवण. जनावराची अवस्था आपल्याला दिसत नाही, दिसतात ती पावलं. पावलांवरून अवस्था ओळखायची, आणि या अवस्थेतून तासाभराने त्या अवस्थेत जाण्याची शक्यता किती याचा तक्ता मांडायचा, ही या पुस्तिकेतल्या तिसऱ्या प्रकरणाची सगळी पुंजी आहे. मार्कोव्ह हे नाव तिथे येईल. घाबरू नका. बैल ओढतो आहे, अडला आहे की बसणार आहे हे मागून नुसत्या कासऱ्याच्या ताणावरून ज्याला कळतं, त्याला ते प्रकरण समजेल.

चौथं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात न टाकलेली पावलं मोजायची आहेत. दहा वाजता वाघीण एका ठिपक्यावर आहे, अकराला दुसऱ्यावर. त्याच तासात ती आणखी कुठे जाऊ शकली असती? तेवढ्याच अंतरावर दहा-वीस ठिपके आपण टाकायचे आणि विचारायचं: तिने हाच का घेतला? पाणी जवळ होतं? झाडोरा दाट होता? गावाचे दिवे दूर होते? असे हजारो तास तपासले की जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला जनावराने लावलेला भाव कळतो. आमच्या भागात या हिशोबात रस्ता उठून दिसतो. जनावर रस्त्याच्या कडेला येतं, समांतर चालतं, परततं, पुन्हा येतं आणि वाहतूक पातळ झाल्यावर ओलांडतं. सगळ्यांना ओलांडता येत नाही. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडीच्या धडकेने एक तरुण वाघ गेला. नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, आणि त्यांतून वाघ, रानकुत्रे, चितळं जाताना कॅमेऱ्यांनी टिपली. अशी वाट कुठे ठेवायची हे इंजिनियरच्या सोयीने ठरवायचं की न टाकलेल्या पावलांच्या हिशोबाने, हा प्रश्न आमच्या चौपदरीलाही लागू आहे. माझं मत उघड आहे.

बिबट्याची गोष्ट थोडी निराळी. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॉलर लावलेले बिबटे दिवसा उसात आणि रात्री वस्तीच्या जवळ असत. त्यांच्या भाकितात घड्याळाला नकाशाइतकंच वजन द्यावं लागतं. आमच्याकडे ऊस नाही, धान आहे, आणि कापणी झाल्यावर बांधीत ससाही लपत नाही. तिकडचं गणित उचलून इथे ठेवता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.

आता एक खडूस प्रकरण. भाकीत बरोबर आलं असं म्हणायचं कधी? हल्ली संगणकाला ठिपके भरवून नव्वद टक्के अचूकतेचे दावे करणं सोपं झालं आहे. त्यात एक लबाडी असते, कधी नकळत केलेली. एकाच वाघाचे हजार ठिपके घेऊन त्यातले शंभर चाचणीसाठी मधून-मधून उचलले, तर प्रत्येक उचललेल्या ठिपक्याच्या एक तास मागे आणि एक तास पुढे असलेले ठिपके संगणकाने आधीच पाहिलेले असतात. दोन शेजारी दिसत असताना मधलं घर ओळखण्यात काय मोठेपणा? चाचणी घ्यायची तर पुढचा अख्खा महिना झाकून ठेवा, किंवा अख्खा दुसरा वाघ. आणि कुठल्याही दाव्याची तुलना आधी सगळ्यांत आळशी भाकिताशी करा: आत्ता जिथे आहे तिथेच तासाभराने असेल. दिवसा झोपणाऱ्या जनावराबाबत या आळशी भाकिताला हरवणं भल्याभल्यांना जमत नाही.

दुसरी कसोटी मोह वेचणारीची. समजा, संध्याकाळी सहाच्या ठिपक्यावरून पहाटे चारचं भाकीत केलं आणि वाघीण नव्वद टक्के खात्रीने ज्या टापूत असेल तो तीस चौरस किलोमीटरचा निघाला. शोधनिबंधात हे छान दिसतं. त्या तीस चौरस किलोमीटरमध्ये चार-पाच गावं आणि त्यांची सगळी मोहाची झाडं बसतात. तिला काय सांगणार? जाऊ नको? हंगाम दोन-तीन आठवड्यांचा आणि घरात त्या पैशांची वाट बघणारी माणसं. असं भाकीत खरं असूनही निरुपयोगी असू शकतं, आणि यावर पुरेसं बोललं जात नाही.

आता ज्यासाठी मी हे पुस्तक लिहायला बसलो तो मुद्दा. ज्या जनावराचं भाकीत सोपं, त्याच्या भाकिताची आपल्याला फारशी गरज नसते. आणि गरज असते त्याचं भाकीत फसतं. हद्द बांधून बसलेल्या, पिल्लं असलेल्या वाघिणीचं वेळापत्रक दोन महिन्यांच्या ठिपक्यांवरून चांगलं जमतं. पण ते तिथल्या वनमजुराला आणि गुराख्याला आधीच पाठ असतं. गणित आणि गुराखी एकाच उत्तरावर येतात, गुराखी स्वस्तात. दीड-दोन वर्षांचा, आईने सोडलेला, हद्द शोधत निघालेला नर मात्र कुणालाच पाठ नसतो. तो ज्या गावात येतो त्या गावाने पिढीभरात वाघ पाहिलेला नसतो.

नागझिऱ्याचा जय असाच निघाला. २०१३ मध्ये तो इथून गेला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात राजासारखा राहिला. त्याला कॉलर होती, देशभर नाव होतं, आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. कॉलरने शेवटपर्यंत साथ दिली नाही. त्याचा बछडा श्रीनिवास, तोही कॉलरवाला, पुढच्याच वर्षी नागभीडकडे शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला. ज्या तारेने तो मेला ती कुठल्याच नकाशावर नव्हती.

याच्या उलट टिपेश्वरचा टी१-सी१, ज्याला पुढे ‘वॉकर’ म्हणू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला कॉलर लागली, जूनमध्ये तो यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, शेतं-नाले-रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. भारतीय वन्यजीव संस्थेकडे त्याचे ५,००० वर ठिपके आहेत आणि ३,००० किलोमीटरवर चाल. हा आकडासुद्धा ठिपक्यांमधल्या सरळ रेषांची बेरीज आहे. खरी पावलं त्याहून जास्तच असणार. इतक्या ठिपक्यांवरून मागे वळून पाहिलं तर त्याची प्रत्येक खेळी पटते: दिवसा दडायचा, रात्री चालायचा, नाल्यांचा आधार घ्यायचा. पण जून २०१९ मध्ये टिपेश्वरला उभं राहून ‘हा ज्ञानगंगेला जाईल’ असं सांगणारं गणित जगात नव्हतं आणि आजही नाही. सांगता येतं ते एवढंच: निघाला तर कुठल्या नाल्यांनी जाईल, कुठल्या रस्त्यांवर अडेल, कुठल्या गावांना आधी फोन करून ठेवावा. मला हे थोडं वाटत नाही. वाघ कुठे असेल याचं भाकीत सोडून वाट कुठे असेल याचं भाकीत करायला लागलो की गणित पुन्हा उपयोगाचं होतं.

आमच्या दारातलं ताजं उदाहरण नागझिऱ्यात आणलेल्या वाघिणींचं. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीकडून आणलेल्या दोन वाघिणी कॉलर लावून इथे सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी. सोडलेलं जनावर पहिले काही आठवडे रहिवासी नसतं आणि प्रवासीही नसतं. ते घर तपासत असतं. जुन्या जंगलातल्या त्याच्या सवयींवरून नव्या जंगलातलं भाकीत केलं तर ते चुकतं, आणि कॉलरमागे दिवस-रात्र फिरणाऱ्या पथकाला पर्याय उरत नाही.

हत्तींनी तर आम्हाला सगळं पहिल्यापासून शिकायला लावलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरलेला कळप पुढच्या वर्षी धान पिकायच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे आला. इथल्या कुणाच्या आजोबांनीही हत्तीचा माग काढला नव्हता. पश्चिम बंगालमधून हत्ती हाकणारी माणसं बोलवावी लागली. शेजारच्या छत्तीसगडात उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाने २०२३ मध्ये केलेली सोय या संदर्भात बघण्यासारखी आहे. कळपामागे पायी फिरणारी गावचीच माणसं मोबाइलवर नोंद करतात आणि दहा किलोमीटरच्या आतल्या गावकऱ्यांना फोन आणि संदेश जातात. त्यातला मुख्य भाग उपग्रह नाही, पायी चालणारा माणूस आहे.

एक खबरदारी. या पुस्तिकेत एकाही जिवंत जनावराचं खरं ठिकाण नाही, नकाशेसुद्धा बनवलेले आहेत. मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यात येत असे ते कुणीतरी परकं उघडू पाहत असल्याचं २०१३ मध्ये उघडकीला आलं होतं. पहाटे चारचा प्रश्न शिकाऱ्यालाही पडतो, आणि आपलं भाकीत त्यालाही तितकंच चालतं. विद्यार्थी ताज्या ठिपक्यांसाठी हट्ट धरतात. त्यांना ते मिळत नाहीत हे बरोबरच आहे.

वाचकांकडे मात्र माझं मागणं आहे. कॉलर एका-दोघांच्या गळ्यात असते, बाकीचे सगळे बिनकॉलरचे. त्यांच्याबद्दल जे कळेल ते मोह वेचणाऱ्यांकडून, तेंदूवाल्यांकडून, ढोरं राखणाऱ्यांकडून. दिसलेल्या वाघाची गोष्ट गावभर होते आणि दोन दिवसांत तिचा वाघ दुप्पट मोठा होतो. न दिसलेल्या वाघाची नोंद कुणीच ठेवत नाही, आणि गणिताला तीही तेवढीच लागते. तेव्हा रानातून आल्यावर तारीख, वेळ, कुठल्या नाल्याकडे गेलो होतो ते आणि काय दिसलं ते लिहून ठेवा. ठसा, विष्ठा, वानराची हाक, काहीही चालेल. काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा, ती ओळ गाळू नका. वही शाळेची शंभर पानी पुरते.

देवरी, जि. गोंदिया